पुढला, मागला आणि औलीचा उतार

मी बर्फावर स्की खेळून आलो, हे युसूफ वडगावात अजून कुणाला खरं वाटत नाही. फोटो दाखवला तर लोक म्हणतात, हा कुणीही असू शकतो. त्यांचंही बरोबर आहे. फोटोत बर्फातून वर आलेले दोन पाय तेवढे दिसतात, आणि नुसत्या पायांवरून कोण ते ओळखणारा माणूस आमच्याकडं एकच आहे. तो माझ्यासोबत होता. म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे.

पण आम्ही दोघं तिकडं कशाला गेलतो, ते आधी सांगायला पाहिजे.

आमचा शेळी-मेंढीपालकांचा एक गट आहे. निम्मी घरं आमच्या युसूफ वडगावच्या आसपासची, शेती करून दारात चार-सहा शेळ्या बांधणारी. उरलेली बावीस घरं धारूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरची, बापजाद्यांपासून मेंढरांमागं चालणारी. गटाचा चेअरमन मी. माझ्या शेळ्या तीन, पण बोलायची हौस तीनशे शेळ्यांची. डोंगराकडच्या बावीस घरांचा शब्द म्हणजे म्हाळूअप्पा. वय साठीच्या पुढं, अंग वाळलेल्या बाभळीसारखं, आणि बोलणं इतकं कमी की दोन वाक्यांच्या मधे माझा चहा पिऊन होतो.

दसऱ्यानंतर मी लसीचं शिबिर घेतलं. कुठं? माझ्या दारात. मांडव माझा, डॉक्टर माझ्या ओळखीचे, भाषण माझं. डोंगराकडच्या लोकांना मेंढरं घेऊन यायला दीड दिवसाची चाल पडते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मोटारसायकलवर मला ते अंतर कधी दिसलंच नव्हतं. ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. लस संपली होती, डॉक्टर गेले होते, आमच्या पंगती उठल्या होत्या, आणि मी पान चघळत मांडव सोडायला सांगत होतो. वर मीच म्हणालो, "या अप्पा, जरा उशीरच केला तुमी."

अप्पानं माझ्याकडं बघितलं. मग उष्ट्या पत्रावळ्यांकडं बघितलं. आणि कळप तसाच माघारी वळवला.

त्या दिवसापासून अप्पाचं मला अरे-तुरे करणं बंद झालं. आधी मी त्याला "बाल्या" होतो, फार तर "बालाजी". आता एकदम "चेअरमनसाहेब, आपन". आमच्याकडं मोठ्या माणसानं लहानाला 'आपण' म्हणायला सुरुवात केली, की समजायचं, मधे काहीतरी मेलं आहे.

त्यात पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. गावाकडच्या गटांच्या प्रमुखांसाठी उत्तराखंडात, औलीला, आठवडाभराचं शिबिर. नाव 'बर्फातून नेतृत्व'. प्रत्येक गटातून दोघं. गटातल्या लोकांनी मला न विचारता मी आणि अप्पा अशी जोडी ठरवली. एकाच डब्यात कोंबलं की भांडतील तरी नाही तर बोलतील तरी, असा त्यांचा हिशेब. आणि हेही ठरलं, की आल्यावर पहिल्या सोमवारी बैठक घ्यायची. त्या बैठकीत अप्पा सांगणार, बावीस घरं गटात राहणार की वेगळी होणार. ती गेली तर गटात मेंढरू औषधाला राहिलं नसतं. राहिला असता तो मी, माझ्या तीन शेळ्या आणि माझा शिक्का.

अप्पा यायला तयार कसा झाला, याचं मला नवल वाटत होतं. नंतर कळलं, त्यानं एवढंच विचारलं होतं, "तिकडं मेंढरं हायत का?" कुणीतरी हो म्हणालं. बास.

जोशीमठच्या वर

दोन रात्री रेल्वे आणि एक अख्खा दिवस घाटातली जीप, यातलं सांगण्यासारखं एवढंच, की मी बोललो आणि अप्पानं खिडकीतून बघितलं. जीपच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, इतकी खाली की ती सांडलेल्या दुधासारखी दिसत होती. ड्रायव्हर एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं फोन चालवत होता. धारूरचा घाट मी ब्रेक नसलेल्या सायकलवरून उतरलोय, ही माझी ठरलेली गोष्ट मी त्या घाटात तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी माझा आवाज जरा बारीक झाला.

मी तयारी जंगी केली होती. लातुरातून जाड जाकीट घेतलं होतं, केशरी रंगाचं. कानटोपी, हातमोजे, काळा चष्मा. अप्पानं काय घेतलं? काठी आणि घोंगडी. मी त्याला समजावलं, की तिथं सगळीकडचे सुशिक्षित लोक येणार, घोंगडीनं आपल्या जिल्ह्याची शोभा होईल. अप्पा म्हणाला, "चेअरमनसाहेब, शोभेला आपन हायेत की."

औलीला पोचलो आणि पहिल्यांदा बर्फ बघितला. आता लोक विचारतात, कसा असतो. मला तर सरकी काढून पिंजलेल्या कापसाची आठवण झाली. आमच्याकडं जिनिंगच्या आवारात असतो तसा ढीग, पण आकाशाला टेकेपर्यंत, आणि त्याच्या मागं नंदादेवीचं शिखर. इतकं पांढरं की डोळ्यांत पाणी येतं. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि घसरून पडलो. अजून स्की पायात चढायच्या होत्या. ही पहिली पडझड. यापुढच्या मी मोजल्या नाहीत.

आमच्या तुकडीत आठजण होते. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. एक कोकणातल्या सावंतबाई लक्षात ठेवा, मच्छी सुकवणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख, पन्नाशीच्या. समुद्रात होडी चालवलेली बाई, पण उतार बघितला की गुडघे धरून बसायच्या. आणि शिकवायला नेगीजी. तिथलेच, चाळिशीचे, उन्हानं रापलेल्या चेहऱ्याचे. हिंदी बोलायचे, आणि तेही आरडाओरडा न करता.

बर्फातला नांगर

पहिल्या सकाळी नेगीजींनी स्की बांधायच्या आधीच सांगितलं, "पहले गिरना सीखो. बाकी बाद में." कुल्ल्यावर, एका बाजूला, हात आत घेऊन पडायचं. मग उठायचं कसं. तासभर आम्ही आठ मोठी माणसं नुसती पडत आणि उठत होतो. मी संस्थेनं दिलेल्या वहीत लिहिलं: 'धडा पहिला. प्रमुखाला पडता आलं पाहिजे.' लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पडण्यात मी तुकडीत पहिला होतो.

स्कीचे बूट म्हणजे काय सांगू. घोट्यापासून वर प्लास्टर घातल्यासारखे. ते घालून चालताना माणूस गाभण म्हशीसारखा झुलतो. त्यांना खाली लांब पट्ट्या अडकवायच्या, हातात दोन काठ्या. आणि थांबायचं कसं, तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. या प्रकाराला ते लोक 'स्नो प्लाऊ' म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगर. नांगर हा शब्द ऐकला आणि मी निश्चिंत झालो. सावंतबाईंना म्हणालो, हा तर आमचा घरचा विषय.

इथं माझी जी चूक झाली ती माझ्या एकट्याची नाही, आमच्या सगळ्या बालाघाटाची आहे. आमच्या डोंगरात मुरूम सुटा. उतरताना सगळे मागं रेलतात, टाच रोवतात आणि अंग डोंगराकडं ठेवतात. डोक्यावर सरपणाची मोळी असो की नसो, लहानपणापासून ही सवय. पुढं झुकला तो तोंडावर गेला. आता बर्फावर बरोबर उलटं आहे. मागं रेललं की स्कीची टोकं उचलतात, नांगर सुटतो आणि माणूस दरीचा होतो. पुढं, उताराकडं, ज्या दरीची भीती वाटते तिच्यावरच छाती टाकायची. तरच पाय ऐकतात.

नेगीजी ओरडले, "आगे झुको, बालाजी भाई." माझ्या कानांनी ऐकलं, पण टाचांनी ऐकलं नाही. टाचा धारूरच्या होत्या. त्या रोवल्या गेल्या, आणि मी सरळ रेषेत, कुठंही न वळता, चष्मा लावून, खाली मॅगी आणि चहा विकणाऱ्या माणसाच्या टेबलापर्यंत गेलो. टेबल गेलं, मॅगी गेली. चहावाला भला माणूस. त्यानं आधी किटली उचलली आणि मग मला.

वर बघतो तर अप्पा सावकाश नांगर धरून, छाती पुढं काढून उतरत होता. मी विचारलं, हे कसं जमलं. म्हणाला, "मेंढरामागं चालताना मी कवाच मागं रेलत न्हाई, चेअरमनसाहेब. आपन मोटारसायकलवर असता."

दुसऱ्या दिवशी नेगीजींनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. जिकडं जायचं तिकडं बघा. झाड टाळायचं असेल तर झाडाकडं बघू नका, रिकाम्या जागेकडं बघा. मी वहीत लिहिलं, आणि दिवसभर एकाच देवदाराकडं बघत राहिलो. त्या देवदाराला मी तीनदा मिठी मारली. तिसऱ्यांदा अप्पा शेजारून जाताना हसला. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. पण तीन महिन्यांत तो माझ्यामुळं पहिल्यांदा हसला होता, त्यामुळं झाडावर माझा राग नाही.

हुलगे

खाण्याचं सांगतो. आम्ही घरून धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. चटणी पहिल्याच रात्री तुकडीनं संपवली, सावंतबाईंनी तर डबा पुसून खाल्ला. तिथं मंडव्याची काळसर रोटी मिळायची, म्हणजे आपली नाचणी, आणि वर तुपाचा गोळा. एकदा दुपारच्या जेवणात गहत नावाची डाळ आली. अप्पानं एक घास घेतला, थांबला, आणि ताटातला दाणा बोटांत धरून उजेडाला बघितला. म्हणाला, "हे हुलगं हाय." खरंच हुलगे होते. आमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात, बैलांनाही घालतात. हजार कोसांवर, बर्फात, ताटात हुलगा निघाला म्हटल्यावर अप्पा एकदम घरी आल्यासारखा मांडी ठोकून बसला.

त्या हुलग्याच्या दिवशीच, तिसऱ्या संध्याकाळी, मला माझा गुन्हा कळला.

त्या दिवशी माझं जमलं होतं. म्हणजे मी दोनदाच पडलो. जरा लांबचा उतार होता. मी सगळ्यांच्या आधी खाली आलो, पट्ट्या काढल्या आणि भूक लागली म्हणून जेवणघरात जाऊन बसलो. माझ्यामागून एकेकजण आला, तोही बसला. सावंतबाई मात्र अर्ध्या उतारावर अडकल्या होत्या. अप्पा त्यांच्या मागं, त्या थांबल्या की थांबत, त्या निघाल्या की निघत. ते दोघं आत आले तेव्हा मी तिसरी रोटी मोडत होतो. मी उत्साहानं म्हणालो, "या, या. हुलग्याची डाळ गरम हाय अजून."

अप्पाच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे पत्रावळ्या बघून आलं होतं. माझा घास हातातच राहिला.

दारात नेगीजी उभे होते. त्यांच्या पायांत अजून स्कीचे बूट. मी म्हणालो, साहेब, बसा की. ते म्हणाले, इकडची रीत आहे, शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय आम्ही बूट काढत नाही. त्यांचे वडील मेंढपाळ, उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर कळप न्यायचे. बर्फाचे नियम त्यांनी मेंढरांकडूनच घेतले म्हणे.

अप्पानं मान वर केली. निजामाच्या वेळची आमची दखनी हिंदी त्याला बापाकडून आलेली. तो नेगीजींना म्हणाला, "हमारे इधर बी ऐसाच है, साब. कळप चलता तो एक आदमी पुढला, एक मागला. पुढला रस्ता देखता. मागला लंगडी मेंढी उठाता, पिल्लू उठाता. मुक्काम पे पुढला पैले पोचता. पन मागला आए बगैर वो भाकर को हात नहीं लगाता."

नेगीजी म्हणाले, "और लगा दिया तो?"

अप्पा म्हणाला, "तो वो पुढला नहीं. वो अकेला आदमी है, जो आगे निकल गया."

माझ्याकडं बघून कुणीच बोललं नव्हतं. लस संपली याचा राग अप्पाला नव्हताच, हे मला तिथं, हुलग्याच्या ताटासमोर कळलं. लस परत मिळते. दीड दिवस चालून आलेल्या बावीस घरांसमोर पुढल्यानं पान चघळत ढेकर दिली होती. आणि वर म्हणाला होता, उशीर केला.

त्या संध्याकाळी मी वहीत काही लिहिलं नाही. माफी मागावी म्हणून अप्पाच्या खाटेपाशी गेलोही. पण मी बोलायला लागलो की ते भाषण होतं, ही माझी खोड मला माहीत आहे. दोनदा खाकरलो, आणि पाणी पाहिजे का विचारून परत आलो.

शेवटचा उतार

शेवटच्या दिवशी सगळ्या तुकडीनं वरच्या माळावरून तळापर्यंत एकत्र उतरायचं होतं. नेगीजींनी पुढला म्हणून मला लावलं. कदाचित माझ्यावर विश्वास म्हणून, कदाचित मी कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. मागला म्हणून अप्पा. नेगीजी मधे. नियम सोपा होता. प्रत्येक वळणावर पुढल्यानं थांबायचं, मागं बघायचं, मागल्यानं काठी वर केली की मगच निघायचं.

पहिल्या वळणावर मी थांबलो. मागं बघितलं. अप्पाची काठी वर गेली. अप्पानं संस्थेनं दिलेल्या जाकिटावर घोंगडी खोळ करून घेतली होती, लांबून तो बर्फात उभ्या काळ्या दगडासारखा दिसत होता. माझी छाती भरून आली. मला वाटलं, झालं, आता सोमवारचं काम झालं.

दुसऱ्या वळणाआधी धुकं आलं. असं आलं की माझ्याच काठ्यांची टोकं दिसेनात. वळण कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी नांगर धरला आणि घाबरलो. घाबरल्यावर माणूस काय करतो, तर आईनं शिकवलेलं करतो. टाचा रोवल्या, मागं रेललो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फक्त या वेळी खाली चहाचं टेबल नव्हतं.

मी वाट सोडून झाडीत गेलो, एका खळग्यावरून उडालो आणि डोकं खाली, पाय वर असा कंबरभर भुसभुशीत बर्फात रुतलो. तो सुरुवातीचा फोटो तिथला. तो कुणी काढला ते सांगतोच. कसाबसा सुलटा झालो. एक पट्टी निघून गेली होती, एक पाय ओंडक्यात अडकला होता. दुखत नव्हता, पण निघत नव्हता. नेगीजींनी सगळ्यांच्या गळ्यात अडकवलेली शिट्टी कुठं गेली देव जाणे.

सुरुवातीला मी चेअरमनला शोभेल अशी हाक मारली, "मी इकडं आहे, काळजी नसावी." धुक्यानं ती तिथंच गिळली. मग नुसतं "अहो" म्हणालो. मग काहीच सुचेना. भाषणं करणाऱ्या माणसाची आयुष्यातली पहिली वेळ, की समोर कुणीच नाही. मागं वळून बघितलं. पांढरं. पुढं पांढरं. मी पुढला होतो, पण कुणाचा?

वर काय झालं ते मला मागाहून कळलं. वळणावर मी नाही म्हटल्यावर नेगीजींनी सगळ्यांना जागेवर बसवलं आणि खालच्या माणसांना वायरलेसवर कळवलं. बाकीच्यांना सोडून ते हलू शकत नव्हते. अप्पानं पट्ट्या काढल्या आणि माझा माग धरला. नेगीजींनी बजावलं, त्यांची हाक ऐकू येईल तिथपर्यंतच जायचं. अप्पा म्हणाला, तेवढं पुरे हाय.

आणि मग मला ते ऐकू आलं. जिभेनं टाळू वाजवत काढलेला "हिर्रर्र", आणि मागून लांब "हाऽ हाऽ". धारूरच्या डोंगरात संध्याकाळी चुकलेल्या मेंढराला घालतात ती साद.

मी शपथेवर सांगतो, ठरवून केलं नाही. घसा बसला होता, थंडीनं ओठ हलत नव्हते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ब्यॅऽऽ."

साद थांबली. मग धुक्यातून आवाज आला, "कुठं हायस बे?"

तीन महिन्यांनी मला कुणीतरी 'बे' म्हणालं होतं. मी परत एकदा ओरडलो. माणसासारखं ओरडता आलं असतं, पण चांगलं चाललेलं मोडावं कशाला.

अप्पा आला. आधी ओंडका सरकवून माझा पाय सोडवला, मग खिशातून फोन काढला आणि बर्फात उमटलेल्या खड्ड्याकडं बघून म्हणाला, "कसा पडलतास ते परत दाखव, एक फोटू घेतो." मी खरंच दाखवलं. माझी तीच लायकी होती. मग तो खाली बसला, माझा बूट उतरवला आणि घोट्यापासून बोटांपर्यंत एकेक सांधा दाबून बघितला, लंगड्या कोकराचा बघतात तसा. म्हणाला, "मोडला न्हाई." अंगावरची घोंगडी काढून माझ्या केशरी जाकिटावर टाकली. मी कुडकुडत बोलायला लागलो, "अप्पा, त्या लसीच्या दिवशी मी..."

"आता चाल," तो म्हणाला. "कळपातल्या माणसांम्होरं बोल. मला एकट्याला सांगून काय करतूस."

वाडीवर

परतीच्या सबंध प्रवासात मला एकच धास्ती. अप्पानं सोमवारी बर्फातली गोष्ट सांगितली, की संपलं. जो चेअरमन मेंढरासारखा ओरडला त्याच्या मागं कोण येणार? अप्पाच्या फोनमध्ये तर पुरावाही होता.

बैठक मी या वेळी डोंगरावर, अप्पाच्या वाडीवर ठेवली. धारूरचा किल्ला मागं टाकून पुढं गेलं की लागते ती. मोटारसायकल मी घाटाखाली ठेवली आणि वर चालत गेलो. दमलो. दीड दिवस म्हणजे काय, ते मला पहिल्या दीड तासातच कळलं.

लिंबाच्या झाडाखाली सगळे बसले होते, आमच्याकडचेही, डोंगराकडचेही. चुलीवर मटणाचा रस्सा शिजत होता. कुणीतरी अप्पाला विचारलं, चेअरमन बर्फात कसे खेळले.

अप्पा म्हणाला, "पडले लई. दरवेळी उठले."

एवढंच. तो परत तंबाखू मळायला लागला. फोन खिशातच. मला वाचवायचं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यामुळंच मला गप्प बसवेना. मी उठलो. भाषण लिहून नेलं होतं, ते काढलंच नाही. चहाच्या टेबलापासून सगळं सांगितलं. देवदार सांगितला. धुकं सांगितलं. "ब्यॅऽऽ" करूनही दाखवलं, आणि शेजारच्या मेंढवाड्यातल्या दोन मेंढ्यांनी उत्तर दिलं. लोक पोट धरून हसत होते. अप्पानं स्वतः फोटो फिरवला.

हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी तुमी दीड दिवस चालून आलात, तवा मी जेवून बसलो होतो. मी पुढला नव्हतो. नुसता पुढं गेलतो. चुकलं माझं." आणि गटाचा शिक्का अप्पापुढं ठेवला.

अप्पानं शिक्क्याकडं बघितलं. मग काठीच्या टोकानं तो माझ्याकडं सरकवला.

"पुढला तूच ऱ्हा," तो म्हणाला. "तू पडलास की मागच्यांना खड्डा कळतो. घरं कुठं जात न्हाईत. पर मागला मी हाय, अन् शिबिर आता हितं हुईल." आणि उठून मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला.

बाकीचे जेवायला बसले. माझ्यापुढंही ताट आलं. बाजरीची भाकरी, वाफाळता रस्सा, कांदा. चढून आल्यानं भूक अशी लागली होती, की लिंबाचा पाला खाल्ला असता. वाड्यात अप्पा एकेक मेंढरू धरत होता आणि त्याचे खूर तपासत होता. मेंढरं शंभरच्या वर. घाई अजिबात नव्हती. मधेच एक कोकरू उचलून त्यानं त्याचे कान बघितले. कानाला काहीही झालेलं नव्हतं, हे मला इथून दिसत होतं.

लोक जेवत होते आणि माझ्याकडं बघत होते. रश्श्यावर तवंग गोठायला लागला. मी भाकरीला हात लावला नाही.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. शेवटी वाड्याचं फाटक वाजलं. अप्पा हात धूत, पाठमोराच, कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला, "बाल्या, रस्सा गरम करून वाढ बे. दोघांला."